सासऱ्यांच्या थ्री-नॉट-थ्रीची सुधारणा

शनिवार, ६ मार्च
नेमबाजीच्या क्लबात बर्नी स्टॅकनं जाहीर केलं की ऑगस्टमध्ये तो उत्तरेला रानटी म्हशींच्या शिकारीला जाणार. सगळे त्याच्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, मीपण येतो. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. बर्नी म्हणाला, लेस्टर, लेका, तू नेम धरेपर्यंत ससा घरी जाऊन जेवून येतो. लोक हसले. मी शांत राहिलो. शांतपणा हा शिकाऱ्याचा मुख्य गुण.

सोमवार, ८ मार्च
घरात रायफल एकच. नोरीनच्या बाबांची, हर्बची. युद्धावरून परतल्यावर त्यांनी लष्कराच्या जुन्या मालातून घेतलेली थ्री-नॉट-थ्री. ते गेल्यावर नोरीननं ती माझ्या लायसनवर चढवली. म्हणाली होती, सांभाळ हं.
रायफल चांगली, पण म्हशीपुढे गोळी बारीक. ठराव : नळी बदलून मोठ्या गोळीची करून घ्यायची. पॉइंट फोर-फाइव्ह. सांभाळणं म्हणजे नुसतं कपाटात ठेवणं नव्हे. वस्तूची प्रगती झाली पाहिजे.

रविवार, १४ मार्च
डेस कायलीकडे गेलो. गावात बंदुकांचा कारागीर तो एकच. त्यानं रायफल उलटीपालटी करून पाहिली आणि परत माझ्या हातात दिली. म्हणाला, सगळ्या भागांवरचे नंबर जुळतात, लाकूडसुद्धा मूळचं आहे, हिला मी हात लावणार नाही. मोठी बंदूक हवी तर मोठी विकत घे, या म्हातारीला कशाला छळतोस? नोरीनला विचारलंस का, हेही विचारलं. मी म्हणालो, म्हणजे काय! (विचारणार आहे.)
डेसला दूरदृष्टी नाही.

शनिवार, २० मार्च
माणूस मिळाला. व्हिक नाव. दोन तासांवर शेड आहे. लायसन बंदुकांचं, पण मुख्य धंदा पाण्याचे पंप. त्यानं कसलेही प्रश्न विचारले नाहीत. खरा व्यावसायिक. म्हणाला, नळी मी बसवतो, नळीखालचं पुढचं लाकूड तेवढं तुम्हीच कापून आणा.
नोरीनला सांगितलं, सर्व्हिसिंगला टाकतोय. ती म्हणाली, बाबांना बरं वाटलं असतं. मोकळं वाटलं.

रविवार, २८ मार्च, दुपारी
लाकूड कापलं. करवत थोडी तिरकी गेली, पण तिरकेपणात एक ऐट आहे. कापलेल्या भागाच्या खालच्या बाजूला कुणीतरी चाकूनं ओरखडे काढून ठेवले होते. बरं झालं गेला तो भाग.
तुकडे बार्बेक्यूत टाकले. जुनं मुरलेलं लाकूड, झकास पेटलं. सॉसेज छान भाजली गेली. नोरीन म्हणाली, आज धुराला वेगळाच वास आहे. मी म्हणालो, कसब.

रविवार, ११ एप्रिल
नाश्त्याला नोरीन म्हणाली की यंदा ॲन्झॅक डेला, पंचवीस एप्रिलच्या सैनिक-स्मृतिदिनाला, मेमोरियल हॉलमध्ये गावातल्या सैनिकांच्या वस्तू मांडणार आहेत. बाबांची रायफल मधोमध ठेवायची असं तिनं सांगूनही टाकलंय. कारण तिच्या लाकडावर खालच्या बाजूला बाबांनी चाकूनं तीन नावं कोरली होती. न्यू गिनीच्या लढाईतून परत न आलेल्या तीन मित्रांची. त्यातला एक एडना पॅस्कोचा भाऊ. त्याचं प्रेतही सापडलं नाही, कबर नाही. एडनाला त्या नावावरून एकदा बोट फिरवायचंय.
मी म्हणालो, टोस्ट जळतोय.
टोस्ट जळत नव्हता.

त्याच दिवशी, संध्याकाळी
बार्बेक्यूतली राख चाळली. एक स्क्रू मिळाला.

शनिवार, १७ एप्रिल
व्हिकचा फोन. काम झालंय, घेऊन जा. नोरीनला सांगितलं की व्हिकचा हात दुखावलाय, रायफल वेळेत मिळणार नाही. ती म्हणाली, अरेरे, बिचारा. त्याच्यासाठी केक करू का? नको म्हणालो.
नवा ठराव : तसंच जुनं लाकूड कुठून तरी पैदा करायचं, नावं मीच कोरायची. अडचण एकच, नावं माहीत नाहीत. सहज विचारल्यासारखं विचारलं. नोरीन म्हणाली, चौदा वर्षं रायफल तुझ्या कपाटात आहे, कधी उलटी करून बघितली नाहीस होय?

रविवार, २५ एप्रिल
पहाटे स्मारकापाशी दोन मिनिटं शांत उभे राहिलो. माझी दोन मिनिटं फार लांबली.
हॉलमधल्या टेबलावर हर्बची हॅट, तंबाखूची डबी, फोटो. मधोमध मोकळी जागा आणि नोरीनच्या अक्षरातलं कार्ड : दुरुस्तीला दिली आहे. एडना पॅस्को काठी टेकत आली. कार्ड वाचलं. मग त्या मोकळ्या जागी टेबलक्लॉथवरून हात फिरवला, सुरकुती काढल्यासारखा. नोरीन तिला म्हणाली, पुढच्या वर्षी नक्की ठेवू हं, एडनामावशी. एडना म्हणाली, मी चौऱ्याऐंशीची आहे गं पोरी, पुढच्या वर्षीचं माझ्याजवळ बोलू नकोस.
मी बिस्किटांच्या ताटापाशी जाऊन उभा राहिलो. पाच खाल्ली. शरम वाटली की मला भूक लागते. तब्येतीचा भाग आहे.

शनिवार, ८ मे
व्हिककडून रायफल आणून थेट क्लबात नेली. बाहेर काढल्यावर कुणीच काही बोललं नाही. ते कौतुक असावं.
पहिली गोळी : रायफलवरची दुर्बीण भुवईवर आदळली, खांदा निखळतो की काय वाटलं. टार्गेट कोरं.
दुसरी गोळी : शेजारच्याच्या टार्गेटला लागली, तीही आडवी. बर्नी म्हणाला, तुझी गोळी झोपून जाते की काय रे?
तिसरी : आत अडकली. डेसला बोलवावं लागलं. त्यानं ती काढली, लाकडाच्या कापलेल्या टोकावर अंगठा ठेवला आणि आपल्या जागी गेला.
भुवईचं रक्त पुसताना बर्नीला म्हणालो, ऑगस्टपर्यंत जमेल. तो म्हणाला, अरे पण तिकडे बंदूक गाइडच देतो. स्वतःची न्यायला तुला कुणी सांगितलं?
कुणीच सांगितलं नव्हतं.

रविवार, ९ मे
नोरीन खांद्याला मलम लावत होती. मध्येच थांबली. म्हणाली, बारा वर्षांची असल्यापासून मी बाबांची रायफल चालवलीय, ती माणसाला असं काळंनिळं करत नाही. कुठली बंदूक होती, लेस्टर?
सांगितलं. सगळं. बार्बेक्यूसकट.
तिनं मलमाचं झाकण लावलं. बराच वेळ लावत होती. मग म्हणाली, म्हणजे ती सॉसेज मीपण खाल्ली.
मी म्हणालो, तू दोनच खाल्लीस.
हे बोलायला नको होतं.

गुरुवार, २० मे
नोरीन अकरा दिवस कामापुरतं बोलली. काल म्हणाली, उद्या हॉलमध्ये कमिटीची मीटिंग आहे, एडना येणार आहे, तू स्वतः येऊन सांगायचंस. मी एक पान लिहून काढलं. त्यात युद्धोत्तर काळातल्या बदललेल्या गरजांचा एक परिच्छेद होता.
हॉलमध्ये उभा राहिलो. नऊ माणसं. पान खिशातच राहिलं. म्हणालो, ती नावं मी कापली आणि जाळली. वाचलंच नव्हतं काय लिहिलंय ते.
कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.
एडनानं एवढंच विचारलं, विल्यमचं नाव हर्बनं पूर्ण कोरलं होतं का नुसतं बिल? घरी आम्ही त्याला बिल म्हणायचो.
मला माहीत नव्हतं. नोरीनकडे बघितलं. नोरीन म्हणाली, बिल होतं, मावशी. एडनानं मान हलवली आणि रुमाल शोधायला लागली. पर्स तिच्या मांडीवरच होती, पण तिला सापडेना. नोरीन उठून तिच्याजवळ जाऊन बसली. मी उभाच होतो. बस म्हणून कुणी सांगितलं नाही आणि आपणहून बसायचं धाडस झालं नाही.
येताना गाडी नोरीननं चालवली. गेटापाशी आल्यावर मी म्हणालो, एक मात्र आहे, नळीचं पोलाद अव्वल दर्जाचं आहे.
नोरीन म्हणाली, लेस्टर, उतर आणि गेट उघड.
उतरलो. उघडलं. ती गाडी घेऊन आत गेली. मी गेट लावून चालत आलो.