पलीकडची बांधी

बाबा, इतक्या वर्षांनी तुम्हाला लिहायला बसले आहे, ते तुमची आठवण येते म्हणून नाही. आपल्या वावरापाशी नदी वळते ना, त्या वळणाबद्दल लिहायचं आहे. आंबागडच्या डोंगराकडून येणारी ती लहानशी नदी आपल्या धानाच्या बांध्यांपाशी एकदम उजवीकडे वळायची. पावसाळ्यात पाणी सरळ आपल्या काठावर आदळायचं आणि दर वर्षी दोन हात माती घेऊन जायचं. पलीकडे आत्याची बांधी, धानाचा लहानसा तुकडा. नवरा गेल्यावर ती माहेरी आली तेव्हा आजोबांनी तिला दिलेली, तेवढीच एक. तिच्या बाजूला पाणी संथ, काठावर गाळ बसायचा. जेवताना तुम्ही धुसफुसायचात, "नदी बी तिचीच बाजू घेते."

आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यात मी बारा वर्षांची होते. नदी आटली होती. वळणाच्या जरा वर, आपल्या काठापासून पात्रात तिरपे खुंट ठोकून तुम्ही त्यांच्यामागे दगड रचलेत. दगड मी वाहिले, नखं फुटेपर्यंत. "कायले बाबा?" मी विचारलं. "पान्याले रस्ता दाखवून राहिलो," म्हणून तुम्ही हसलात. मीही हसले.

पावसाळ्यात पाणी दगडांना लागून पलीकडे वळलं. आत्याचा काठ रोवलेल्या धानासकट ढासळत होता आणि ती पदर खोचून, एकटीच, त्यावर काटेरी फांद्या आणून टाकत होती. संध्याकाळी चिखलानं माखलेली आपल्या दारात येऊन बसली. "दादा, माही बांधी चालली रे. खुंट ठोकाले दोन मानसं दे मले." तुम्ही म्हणालात, "नदीले कोन अडवते? तुह्या नशिबातच नाही ते." मी बोलून गेले, "पण बाबा, ते दगड..." आणि तुम्ही माझ्या थोबाडीत दिलीत. आत्यानंच मला जवळ ओढलं. "लेकराले काहून मारतं?" दगड हा शब्द तिनं ऐकला होता की नाही, मला आजही माहीत नाही.

त्या भाऊबिजेला तुम्ही तिला नवं लुगडं दिलंत. चार पावसाळ्यांत तिची बांधी संपली. नदी तिच्या वावरातून वाहू लागली, आणि नदीची जुनी जागा गाळानं भरून आपल्या बांध्यांना येऊन मिळाली. तुम्ही तिथे वांगी लावलीत आणि टोपलीभर वांगी देऊन मला तिच्याकडे पाठवलंत. ती दुसऱ्याच्या पडवीत बिड्या वळत होती. "मोठे गोड हायेत वो," दुसऱ्या दिवशी म्हणाली.

तुम्ही गेलात आणि मी एकुलती, म्हणून वावर माझ्या नावावर झालं. तेव्हा गाळानं भरलेली ती जागा मागायला आत्या गावातली चार जाणती माणसं घेऊन काठावर आली. नदी आधी कुठून जायची, हे त्यांनाही ठाऊक होतं. पण कोणी तोंड उघडेना. मग ती माझ्याकडे वळली. "हे सांगन. हिनं लहानपनापासून पाह्यलं हाये. सांग पोरी, नदी कोठून जात होती?"

मी समोरच्या धारेकडे बोट केलं. "इथूनच."

आत्यानं पायातल्या चपला काढल्या. त्या हातात घेऊन, जिथे तिची बांधी होती त्या पाण्यातून चालत पलीकडे गेली. पुढच्या वर्षी ती वारली. मी मातीला गेले नाही.

सगळं तुमच्यावर टाकावं म्हणून हे लिहायला घेतलं होतं. पण त्या दिवशी काठावर तुम्ही नव्हतात. खरं तर हे पत्र तिला लिहायला हवं. आधी तिच्याच नावानं कागद घेतला होता. 'आत्या' एवढं लिहिलं, पुढे हात चालेना. म्हणून तो फाडला आणि तुम्हाला लिहिलं.