वर्षभर सैल, वर्षभर घट्ट

३ जानेवारी, सकाळी ७
कालच्या सेमिनारने डोळे उघडले. सासऱ्यांनी तीस वर्षं लोकांचे कपडे आल्टर केले, कामागणिक पैसे घेतले आणि जिथल्या तिथे राहिले. का? बिझनेस मॉडेलच नव्हतं! आता दुकान मी बघतो, म्हणजे मेंबरशिप. एकदाच फी भरा, वर्षभर कितीही वेळा सैल करा, घट्ट करा. जिमचे निम्मे मेंबर म्हणे फी भरून फिरकतही नाहीत. तोच नफा.

५ जानेवारी
दुकानातल्या शिंपी मास्तरांना मॉडेल समजावलं. सासऱ्यांच्या वेळेपासून मशीनवर तेच. म्हणाले, जावईबापू, जिमचा कंटाळा येतो, पण पँट घट्ट झाली तर माणूस येणारच. व्हिजन नाही हो या पिढीला!
निश्चय: मास्तरांशी कमी बोलणे.

२० जानेवारी
एकशे चाळीस मेंबर! बायको म्हणाली, पैसे आलेत पण काम अजून व्हायचंय, हात लावू नकोस. एसी आणि काचेचं काउंटर घेतलं. ही गुंतवणूक आहे, खर्च नव्हे.

११ फेब्रुवारी
एक डाएटवाल्या बाई ड्रेस एका सोमवारी घट्ट करून नेतात, पुढच्या सोमवारी सैल करायला आणतात. मास्तर म्हणाले, शिवणीत आता कापड कमी, भोकंच जास्त.
कस्टमर एंगेजमेंट उत्तम.

२ मार्च
मेंबर नंबर बारा बुटका आहे. पँटी आणतो त्या उंच मेव्हण्याच्या. जाब विचारला तर त्याने नियमांचा कागदच पुढे केला. ‘मेंबरचेच कपडे’ असं त्यात कुठेच नाही. नियम मीच लिहिले होते. सेमिनारात यावर स्लाइड नव्हती.

१९ मार्च
कपड्यांच्या ढिगात काउंटर दिसेनासं झालंय. नवा पैसा शून्य; दोरा, वीज, पगार चालूच. बायकोला म्हटलं, ग्रोथ म्हणजे हे व्हायचंच. ती म्हणाली, बाबांनी दुकान माझ्या भरवशावर सोडलंय, ते बुडालं तर मी तुला माफ करणार नाही. चेष्टेत नव्हती. गुपचूप एसीवाल्याला फोन केला, परत घेता का म्हणून. लिहायला काय जातंय, इथे कोण वाचतंय!

८ एप्रिल, दुपार
मास्तर गेले. म्हणाले, एकच पँट अकरा वेळा उसवायला मी हे काम शिकलो नाही. थांबावेत म्हणून ‘एम्प्लॉयी ऑफ द मंथ’ सर्टिफिकेट देऊ केलं. दुकानात एम्प्लॉयी एकच, म्हणजे चुरसही नव्हती. तरी गेले.

९ एप्रिल
स्वतः मशीनवर बसलो. अवघड असं काही नाही. डाएटवाल्या बाईंच्या ड्रेसची बाही गळ्याला शिवली गेली, एवढंच.

१४ एप्रिल
बायकोने मास्तरांच्या घरी जाऊन हातापाया पडून त्यांना परत आणलं. अटी त्यांच्या: नवी मेंबरशिप बंद, पुन्हा कामागणिक पैसे. जुन्या मेंबरांचं फुकटातलं काम वर्ष संपेपर्यंत मी करायचं.
हा तात्पुरता उपाय.

३० एप्रिल
चमत्कार! माझं शिवणकाम बघून डाएटवाल्या बाई म्हणाल्या, मेंबरशिप राहू द्या, पैसे घ्या पण मास्तरांकडूनच शिवून द्या. नंबर बाराने मेव्हण्याचेही पैसे भरले. आठवड्यात गल्ला भरला. म्हणजे मॉडेल बरोबरच होतं! बेसिक प्लॅन मी, प्रीमियम मास्तर.

२ मे
आज माझं बटण पहिल्यांदा सरळ लागलं. कौतुकाने बायकोला दाखवलं. तिचा चेहरा पडला. काकुळतीला येऊन म्हणाली, अरे, एवढ्यात शिकू नकोस रे!