स्टॅनमोरला पत्र हातोहात

मी, डॉक्टर सुमेधा कारखानीस, वय एकोणऐंशी, राहणार रीडिंग, इंग्लंड, निवृत्त भूलतज्ज्ञ, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत व स्वखुशीने लिहीत आहे. लोकांची शुद्ध घालवण्यातच माझी नोकरी झाली, तेव्हा शुद्धीत असणं म्हणजे काय हे मला कोणी शिकवू नये.

१. घर व बँकेतली शिल्लक माझी मुलगी तनया हिला. कढीपत्त्याची कुंडीही तिचीच. थंडीत आत घ्यावी.

२. दीर अंबरीश यांना माझी लॅटिन डिक्शनरी. "वहिनी, या वयात लॅटिन? बोलणार कोणाशी?" असं ते चारचौघांत म्हणाले होते. बोलले नाही, भावजी, पुस्तक लिहिलं. रोमन साम्राज्याच्या उतरत्या काळात जुने देव मानणारे आणि ख्रिस्ती एकमेकांना पत्रं कशी लिहीत, यावर. युनिव्हर्सिटीने छापलं!

३. देवावरून त्या रोमन पत्रलेखकांचं जुळत नसे, पण पत्र आलं नाही की रुसवा दोन्हीकडे सारखाच. माझी मैत्रीण फ्लोरा पेणकर आणि मीही तशाच. ती मुंबईची ज्यू, मी हिंदू. ती इथून जवळच, लंडनमधल्या स्टॅनमोरला राहते, तरी आम्ही पत्रंच लिहितो, आणि तीही मराठीत, कारण तिच्या घरात आता मराठी कोणालाच येत नाही. एकदा तिने "तुझे देव तुलाच लखलाभ" असं लिहिलं, आणि खाली "कळावे, लोभ असावा" लिहायलाही विसरली नाही. तिची पत्रं व माझ्या पत्रांच्या प्रती मी फ्लोरालाच देणार होते.

४. पण आज सहीच्या वेळी वकीलबाई म्हणाल्या, ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये. साक्षीला आलेली फ्लोरा ताडकन म्हणाली, "मग मला काही नको. तुझ्या शेवटच्या कागदावर माझी सही नाही म्हणजे काय गं?" अशी मैत्रीण मी मिळवली, याचा मला पुस्तकाहून जास्त अभिमान आहे.

तेव्हा पत्रं तनयाला. रोमन माणूस पत्र ओळखीच्याच्या हाती पाठवी, आणि कागदावर न मावलेलं तो तोंडी सांगे. तनया, तूही अधूनमधून एकेक पत्र घेऊन ट्रेनने स्टॅनमोरला जा, फ्लोरामावशीला मोठ्याने वाचून दाखव. तुझ्या मराठीला ती हसेल, हसू दे. निघताना तोंडी एवढंच सांग: "आई विचारतेय, उत्तर कधी?"

रीडिंग, १४ मार्च २०२४
सही: सुमेधा कारखानीस

वरील सही आमच्यासमक्ष झाली. साक्षीदार:
मिलिंद गुप्ते, शेजारी
फ्लोरा पेणकर, स्टॅनमोर. उत्तर देईन. कळावे, लोभ असावा.