आधी कुणाला झालं

प्रिय धम्मदीप,

पत्र बघून दचकू नकोस, इकडे सगळे धड आहेत. फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तरी माझ्या तोंडून शब्द फुटायचा नाही, म्हणून कागद घेतला. आपल्या भाजे गावात यंदा भात बरं आलं. देहूरोडहून आपलं मळवली स्टेशन ते किती लांब? पण आई गेल्याला पाच वर्षं झाली, तू इकडची गाडी धरली नाहीस. धरशील तरी कशाला, असल्या बापासाठी!

मला हल्ली एक नाद लागलाय. तो करोनाचा विषाणू मुळात आला कुठून, यावर पेपरात येईल ते कापून ठेवतो. सातवी शिकलेल्याला निम्मं कळत नाही, मग भिकाजीकाकाच्या पोरीला, तेजलला पिडतो. ती तळेगावला कॉलेजात हेच शिकते. बरेच शास्त्रज्ञ म्हणतात, वुहानच्या बाजारातल्या जनावरांतून माणसात आला. काही म्हणतात, प्रयोगशाळेतून निसटला. चीननं सगळी माहिती दिलेली नाही, त्यामुळे एवढे शिकलेले लोक अजून छातीवर हात ठेवून सांगत नाहीत. आणि मी? आईच्या पुण्यानुमोदनाला, वंदना झाल्यावर, तू तिच्याबद्दल दोन शब्द बोलायला उठलास, तर चारचौघांत ओरडलो, "खाली बस. तूच आनलंस मरान घरात." देहूरोडच्या डेपोतून सुट्टीला आला होतास, एवढ्यावर निकाल देऊन मोकळा झालो.

परवा तेजलला विचारलं, हे शोधतात तरी कसं गं? म्हणाली, "आबा, तारखा लावून बघायच्या. आधी कुणाला झालं, मग कुणाला. बोट दाखवायचं ते सगळ्यात शेवटी." आणि तुझ्या आईबद्दल सहज विचारलं तिनं, "मोठ्या आईच्या आधी तुमच्या घरात कुणाला काही झालं होतं का?" मी म्हणालो, "न्हाई." तेव्हापासून तारखा लावत बसलोय, बाळा.

तू रविवारी आलास. आईला त्याच संध्याकाळी ताप चढला. लागला तरी इतक्या लवकर ताप येत नाही. आणि त्याआधी, बुधवारी, तिनं तव्यावर सुकट भाजली होती. पलीकडून येसूबाई ओरडली, "हिरा, वास लय सुटलाय, मला पन ठेव गं!" मी चुलीपाशीच बसलेलो, आणि मला काही वासच नाही. रात्री अंग मोडून आलं. त्याच्या चार-पाच दिवस आधी, ती नको म्हणत असताना कार्ल्याला साखरपुड्यात जेवून आलो होतो. कोविड सेंटरला उचलून नेतील या भीतीनं कुणाला बोललो नाही. तिच्या शेजारीच निजत राहिलो. दवाखान्यात नेताना तिलाही वाटत होतं, तुझ्यापासूनच लागलं. धाप लागलेली, तरी माझा हात धरून म्हणाली, "पोराला कळू देऊ नका, जिवाला लावून घेईल." तेव्हासुद्धा मी गप्प बसलो.

तुझाच अपराधी,
आबा