पायाच्या अंगठ्याचं कुलूप

६ ऑक्टोबर, सोमवार
नवा फोन घेतला. शेजारच्या टपरीतल्या इलिंकाबाईंकडून. त्या फोन दुरुस्त करतात, मी कुलपं आणि चाव्या. बारा वर्षं भिंतीला भिंत आहे.
खरं कारण इथेच लिहितो. ही वही स्क्रूंच्या डब्याखाली असते, आणि माझी बायको दोइना त्या डब्याला हात लावत नाही. दवाखान्याने रिपोर्ट पाठवलाय. साखर. जराशी जास्त, असं माझं मत. डॉक्टर कोस्माबाईंचं मत वेगळं आहे. दोइनाला कळता कामा नये. तिच्या भावाला, नेलूला, साखर निघाली तेव्हा तिने त्याला सहा वर्षं उकडलेला कोबी घातला. नेलू जिवंत आहे, पण हसत नाही.
तेव्हा रिपोर्ट फोनमध्ये, आणि फोनला बोटाच्या ठशाचं लॉक. तिमिशोआरा शहरातल्या निम्म्या घरांची दारं मी उघडून दिलीत. माझं कुलूप कोण उघडतो बघू.

७ ऑक्टोबर
फोन माझं बोट घेत नाही. दहाही झाली. पस्तीस वर्षं कानस चालवून ठसे पुसले गेलेत. इलिंकाबाई म्हणाल्या, साबिन, तुम्ही चोर व्हायला हवं होतं, जन्मात सापडला नसता. वर सल्ला दिला की सरळ सहा आकडी कोड टाका. मी म्हटलं, कोड म्हणजे पायपुसण्याखाली ठेवलेली चावी. त्या म्हणाल्या, ठसा चालला तरी त्याच्यामागे एक कोड लागतोच. ठसा पुढचं दार, कोड मागचं.
टाकला. चार शून्यं. कुलूपवाल्याचा कोड इतका सोपा असेल हे कुणाच्या डोक्यातसुद्धा येणार नाही.

९ ऑक्टोबर
जमलं. पायाचा अंगठा, उजवा. फोनने पहिल्या झटक्यात घेतला. रेषा अगदी कोऱ्या करकरीत, अठ्ठावन्न वर्षं मोज्यात जपलेल्या. हे जगात आणखी कुणाला सुचलं असेल असं वाटत नाही.

११ ऑक्टोबर
ट्राममध्ये दवाखान्याचा मेसेज आला. बूट काढला, मोजा काढला, फोन उघडला. समोरची बाई उठून दुसरीकडे बसली. मोजा घालताना माझा थांबा गेला. ठीक आहे. सिक्युरिटी फुकट मिळत नाही.
मेसेज: तपासणीला या. बघू.

१५ ऑक्टोबर
इलिंकाबाईंनी कॉफीवर अर्धा तास घेतला. म्हणे कोड फुटला तर उद्या बदलाल. ठसा एकदा कुणी उचलला की जन्माचा गेला, नवा कुठून आणणार? आणि झोपलेल्या माणसाकडून कोड काढून घेता येत नाही, त्याचा अंगठा मात्र कुणीही फोनला टेकवावा. जेवून झोपता तेव्हा अंगठा कुठे असतो, असं विचारलं. मी म्हटलं, माझ्याबरोबरच असतो. त्यावर त्यांनी कप उचलले आणि धुवायला गेल्या. मी जिंकलो.

१९ ऑक्टोबर, रविवार
जेवणात डुक्कर होतं, बटाटे होते, प्लमचे गोळे साखरेत घोळवलेले होते. मी नऊ खाल्ले. आठच खायचे ठरवले होते, पण नववा फुटलेला होता. सोमवारपासून चालायला जाणार. घर ते टपरी, ट्राम बंद.
दुपारी कोचावर झोपलो. उठलो तर पायांवर पांघरूण नीट घातलेलं. तीस वर्षांत दोइनाने असं कधी केलं नव्हतं.

२० ऑक्टोबर, सोमवार
ट्राम आली. समोर येऊन थांबलेल्या ट्रामला नाही म्हणणं बरं दिसत नाही.

२६ ऑक्टोबर
घरात उकडलेला कोबी. आठवड्यात चौथ्यांदा. दोइना म्हणते बाजारात स्वस्त मिळाला. साखरेचा डबा दिसत नाही. तो म्हणे मुंग्यांमुळे हलवला. मला तर मुंगी दिसली नाही. पण जास्त प्रश्न विचारले तर तिला संशय यायचा.
पांघरूण रोज असतं. उतारवयात प्रेम वाढतं ते असं.

३ नोव्हेंबर
अंगठा फोनला नीट लागत नाही. तीन-तीनदा टेकवावा लागतो. कातडी जाड झाली असणार. टपरीत बारीक कानस होतीच, जरा घासली. आता रेषा उठून दिसतील. गंमत म्हणजे काही म्हणजे काही जाणवलं नाही, गुदगुल्यासुद्धा नाहीत. पस्तीस वर्षांचा हात आहे.

७ नोव्हेंबर
फोनचा सेन्सर खराब निघाला. अंगठा अजिबात घेत नाही. मागच्या दाराने, म्हणजे चार शून्यांनी, जावं लागतं. इलिंकाबाईंना सुनावलं. त्यांनी आपलं बोट नोंदवून बघितलं, चटकन उघडला. म्हणाल्या, फोन ठणठणीत आहे, तुम्ही अंगठा बघा. मी म्हटलं, अंगठा माझा आहे, फोन तुमच्या दुकानातला. वाकून बघायचं म्हटलं तर पोट आड येतं, ते वेगळं.
घरी येऊन काच प्लमच्या दारूने पुसली. उरलेली वाया घालवली नाही.

१० नोव्हेंबर
मोजा अंगठ्याला चिकटतो. स्वस्तातले मोजे. नवे आणणार.
अंगात जरा कसर. ट्राममधल्या लोकांमुळे.

१२ नोव्हेंबर, बुधवार
दुपारी जाग आली तर दोइना कोचाच्या पायथ्याशी गुडघ्यांवर बसलेली. डोळ्यांवर चष्मा, एका हातात माझा फोन, दुसऱ्या हातात माझा पाय. मी म्हटलं, हे काय चाललंय? तिने पाय वर धरला आणि विचारलं, "हे कधीपासून आहे?"
मी म्हटलं, काय कधीपासून? तिने भिंतीवरचा छोटा आरसा काढून पायाखाली धरला. अंगठ्याखाली जखम होती. नाण्याएवढी... नाही, माप लिहीत नाही. मोठी होती. कडा काळ्या. मला ती पहिल्यांदाच दिसत होती.
मी विषय बदलायचा म्हणून म्हटलं, तू माझा फोन का घेतलास? तेव्हा ती म्हणाली, "साबिन, तीन आठवडे मी तुझा फोन रोज तुझ्या अंगठ्याने उघडत होते. चार-पाच दिवस झाले, उघडत नाही, म्हणून आज चष्मा लावून अंगठा बघितला."
तीन आठवडे. म्हणजे पांघरूण.
म्हणजे कोबी.
रागावणार होतो. पण ती माझे मोजे शोधत होती आणि दोनदा तिने दोन वेगळ्या जोड्यांचे मोजे काढले. मग जोडी कुठे आहे ते सांगितलं.

१३ नोव्हेंबर, हॉस्पिटल
वही शर्टाच्या आत लपवून आणली.
डॉक्टर कोस्माबाई म्हणाल्या, साखरेने पाय बधिर झालेत, म्हणून दुखलं नाही. कशाने लागलं, असं विचारलं. मी म्हटलं, आठवत नाही. दोइनाने माझ्या कोटाच्या खिशात सापडलेली कानस पिशवीतून काढून टेबलावर ठेवली, दात कातडीने भरलेले. डॉक्टरीणबाई कानसीकडे बघत राहिल्या, मग माझ्याकडे. असं कुणी माझ्याकडे शाळेनंतर बघितलं नव्हतं.
उद्या जखम साफ करणार. अंगठा राहील की नाही ते त्यानंतर. त्या म्हणाल्या, आणखी चार-पाच दिवस गेले असते तर अंगठ्यावर भागलं नसतं.
दोइना कॉरिडॉरमध्ये जाऊन आली. डोळे लाल. म्हणाली, धूळ फार आहे इथे. मी कोपऱ्यात बघितलं. फरशी चकचकीत होती.

१९ नोव्हेंबर
अंगठा राहिला. आज कळलं.
नेलू भेटायला आला. उकडलेला कोबी घेऊन. मला बघून हसला. सहा वर्षांनी.

५ डिसेंबर
घरी. ठराव: गोड बंद, रोज पाय आरशात बघायचे, रोज चालायचं. हे ठराव दोइनाने केलेत, मी फक्त उतरवून घेतोय. वही पुन्हा डब्याखाली ठेवली होती, ती तिला सापडली आहे. स्क्रूंचा डबा तिने पुसायला उचलला होता. वरची दोन पानं वाचून तिने 'नऊ खाल्ले' याखाली रेघ मारलीय.

८ डिसेंबर
अंगठ्यावर नवी कातडी आली. गुलाबी, गुळगुळीत, रेष म्हणून नाही. फोन ओळखत नाही. चार शून्यं टाकली. चूक. पुन्हा टाकली. चूक. दोइनाने कोड बदललाय. सहा आकडी, इलिंकाबाईंना विचारून. मला सांगत नाही, कारण मी कुठेतरी लिहून ठेवीन म्हणते.

८ डिसेंबर, दुपारी ४
उद्या चालायला बाहेर पडायचं की नाही हे ठरवण्यासाठी हवामान बघायचं होतं. स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली. दोइना आली, ओला हात एप्रनला पुसला, तर्जनी फोनला टेकवली. लगेच उघडला. हवामान मला दाखवलं नाही, स्वतःच बघितलं. म्हणाली, छान ऊन आहे, साडेआठला निघायचं. मग फोन एप्रनच्या खिशात टाकून गेली.
सिक्युरिटीच्या दृष्टीने याहून पक्की व्यवस्था होणं शक्य नाही. आता त्या फोनमध्ये मीसुद्धा शिरू शकत नाही.