न घेतलेल्या दारूची कबुली मागे घेण्याबाबत

प्रति,
मा. कामगार कल्याण अधिकारी,
कालवा देखभाल विभाग.

विषय : मी आयुष्यात कधीही न घेतलेल्या दारूची जी कबुली दिली, ती मागे घेण्याची परवानगी मिळण्याबाबत.
संदर्भ : माझा आजार ‘व्यसनजन्य’ ठरवणारे आपले पत्र.

महोदय,

१. मी आपल्या विभागात कालवा सफाई कामगार आहे. लग्नाच्या आधीपासून कमरेइतक्या पाण्यात उभा राहून गवत, गाळ आणि गोगलगायी काढत आलो आहे. या काळात विभागाने मला एक फावडे दिले, आणि गमबुटांचे आश्वासन दर वर्षी न चुकता दिले. दोन्हींबद्दल मी ऋणी आहे.

२. गेल्या हिवाळ्यात जेवायला बसलो असता मला रक्ताची उलटी झाली. पत्नीने शेजाऱ्यांचा टेम्पो थांबवून मला दवाखान्यात नेले. तेथील तरुण डॉक्टरांनी सोनोग्राफी करून सांगितले की यकृतावर व्रण आहेत, आणि लगेच विचारले, “किती घेता?” मी म्हणालो, “दोन कप, एक सकाळी, एक दुपारी.” ते चहाबद्दल विचारत नव्हते, हे मला उशिरा कळले. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिले व तो कागद आपल्या कार्यालयात पोहोचला. गमबुटांची फाईल जेथे वर्षानुवर्षे झोपते, तेथून मला व्यसनमुक्ती केंद्रात दाखल करण्याचा आदेश माझे रक्ताळलेले कपडे धुऊन वाळायच्या आत निघाला. या तत्परतेने आम्ही सर्व कुटुंबीय भारावून गेलो.

३. केंद्रातील समुपदेशक बाई अत्यंत मायाळू होत्या. मी त्यांना सांगितले की मी दारूला कधी शिवलेलो नाही. त्या म्हणाल्या, “नाकारणं हेच या आजाराचं पहिलं लक्षण.” मी जोरात नाकारले, तेव्हा त्यांनी ‘लक्षणे तीव्र’ असा शेरा लिहिला. मी गप्प बसलो, तर ‘रुग्ण मनात कुढतो’ असा लिहिला. शेजारच्या खाटेवरील निवृत्त ड्रायव्हर जाणकार होते. ते म्हणाले, “अरे बाबा, कबूल कर आणि घरी जा. मी दर वेळी तेच करतो.”

घरची परिस्थितीही सांगणे भाग आहे. सासूबाई भेटायला आल्या आणि म्हणाल्या, “इतका गरीब स्वभाव मला पहिल्यापासूनच खटकत होता.” पत्नीने माझे सगळे सदरे हुंगून पाहिले. त्यांना चिखलाशिवाय कसलाही वास येत नव्हता, तरीही ती रडली. माझे मेहुणे आपल्याच कार्यालयात कोरड्या टेबलावर कामाला असून रोज संध्याकाळी त्यांना स्वतःच्या घराचे दार शोधावे लागते. त्यांनी माझ्या उशाशी बसून मला संयमावर व्याख्यान दिले. त्यांच्या तोंडाचा वास इतका दरवळला की बाईंनी खिडकी उघडली, आणि शेरा माझ्या नावावर लिहिला.

४. अखेर मी कबूल केले. कोणती घेता, असे विचारण्यात आले. मला एकही नाव येत नव्हते, म्हणून मेहुण्यांना विचारून सांगितले. बाईंच्या डोळ्यांत आनंदाश्रू आले. टाळ्यांच्या गजरात मला प्रमाणपत्र मिळाले. त्याच कबुलीच्या आधारे आपण संदर्भातील पत्र पाठवले की आजार कामगाराने स्वतः ओढवून घेतला असल्याने विभागाचा त्याच्याशी संबंध नाही, आणि व्यसन सुटले असल्याने कामगाराने कालव्यात हजर व्हावे. मी हजर झालो. पाणी तेच होते, गोगलगायीही त्याच होत्या.

५. दुसरी उलटी कालव्याच्या काठावरच झाली. या वेळी मला मोठ्या रुग्णालयात नेले. तेथील वयस्कर डॉक्टरीणबाईंनी किती घेता हे विचारलेच नाही. त्यांनी विचारले, “दिवसभर उभे कुठे असता?” मी सांगितले. मग त्यांनी तपासण्या केल्या आणि मला व पत्नीला समोर बसवून समजावले.

त्या म्हणाल्या की साचलेल्या पाण्यातल्या काही गोगलगायींमध्ये एका जंताची पिल्ले वाढतात. ती पाण्यात सुटतात आणि उघड्या कातडीतून माणसात शिरतात. पुढे जंत आतड्याच्या शिरांमध्ये संसार थाटून अंडी घालतात. बरीच अंडी शौचावाटे बाहेर पडतात, पण काही रक्ताबरोबर यकृतात वाहून जातात आणि तिथेच अडकतात. शरीराला ती हाकलता येत नाहीत, म्हणून ते प्रत्येक अंड्याभोवती गाठ धरते, आणि ती गाठ सुकून चिवट व्रण होतो. असे व्रण शिरांच्या कडेकडेने साचत गेले की यकृतातून रक्ताला वाट मिळत नाही. ते तुंबते, अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात आणि एक दिवस फुटतात. पत्नीने विचारले, “म्हणजे दारू नाही?” बाई म्हणाल्या, “थेंबही नाही.” पत्नी पुन्हा रडली. या वेळी माझा हात धरून रडली, हे नमूद करतो.

जंत गोळ्यांनी मेले. फुगलेल्या शिरा दुर्बिणीतून बांधण्यात आल्या. व्रण मात्र आता बहुधा सोबतच राहतील. पहिल्या उलटीच्या वेळी ओळखले असते तर निदान नवे पडले नसते, असे बाईंचे मत पडले. त्या वेळी मी आपल्या कृपेने टाळ्या घेत होतो.

६. तरी विनंती की माझी कबुली रद्द समजावी, आजार कामामुळे झाल्याची नोंद व्हावी आणि कालव्यात उतरणाऱ्या प्रत्येकाची तपासणी व्हावी.

हे सर्व मी स्वतःपुरते लिहिले नसते. खोटे बोलून सुटण्याची मला आता सवय झाली आहे. परंतु आमच्या मुकादमांचे पोट गेले काही महिने फुगत होते. आम्ही त्यांची थट्टा करत होतो, कारण आम्हाला ठाऊक नव्हते. गेल्या आठवड्यात त्यांनाही रक्ताची उलटी झाली आणि आपण त्यांनाही केंद्रात पाठवले. मी काल भेटून आलो. ड्रायव्हरसाहेबांचा सल्ला मी त्यांच्या कानात सांगितला. ते म्हणाले, “जे केलं नाही ते कसं कबूल करू?” डॉक्टरीणबाई त्यांना तपासायला तयार आहेत, पण केंद्र सोडत नाही, कारण त्यांच्यावर ‘लक्षणे तीव्र’ असा शेरा आहे.

महोदय, मुकादम हट्टी आहेत. ते खरेच बोलत राहतील. त्यांना खोटे बोलायला शिकवण्याइतका वेळ त्यांच्या शिरांकडे नाही. म्हणून माझ्या अर्जावर निर्णय सवडीने घेतला तरी चालेल, पण त्यांना आज सोडावे. मी टेम्पो घेऊन केंद्राच्या फाटकाशी उभा आहे.

आपला नम्र आणि पहिल्यापासूनच शुद्धीवर असलेला,

(सही)
कालवा सफाई कामगार, दुसरी टोळी

दिनांक : आजचाच