सात वह्या आणि कोपरचा गणू

मी, भास्कर रघुनाथ कर्णिक, वय एकसष्ट, पूर्वी सरकारी कारकून, हल्ली पेन्शनर, राहणार टेंभी नाका, ठाणे, असे लिहून ठेवतो की माझी अक्कल ठिकाणावर आहे, स्मरण तर नको इतके शाबूत आहे, आणि हा कागद मी कोणाच्या धाकाने वा भिडेने करीत नाही. याआधी मृत्युपत्र केलेले नाही. छातीत पाणी झाले आहे असे डॉक्टर सांगतात, म्हणून आता करतो.

कलम १. राहते घर, मागील परसासह, माझी पत्नी कमळाबाई हिचे. तिच्या हयातीत त्यात कोणी वाटा मागू नये. तिच्या पश्चात मुलगा दौलत व मुलगी शकू यांनी निम्मे निम्मे घ्यावे. मागची पडवी पाच वर्षे गळते आहे. दौलतला सांगून मी थकलो, आता घर अर्धे त्याचे होणार म्हटल्यावर कौले कशी पटापट बसतात ते कमळाबाईने पाहावे.

कलम २. शिल्लक व दागिने कमळाबाईचे. लिहिण्याचे मेज शकूचे. माझी जरीची पगडी कोणालाही देऊ नये. ती घालून मी ज्या समारंभाला गेलो, त्याची हकीकत पुढे येईल. ती जाळावी.

कलम ३. माझ्या हस्ताक्षरातील सात वह्या शकूच्या. त्यांवर दौलतचा काडीचा हक्क नाही. त्या काय आहेत ते सांगतो. तरुणपणी, कचेरीत लागण्यापूर्वी, मी पाच वर्षे महिपतराव यांच्या नाटक मंडळीत होतो. पडद्याआडून नटांना शब्द सुचवणे आणि जाहिरातीचे कागद लिहिणे हे माझे काम. पुढे मंडळ्यांना बरे दिवस आले, मोठ्या नटांच्या अंगावर शाली पडू लागल्या. पण राक्षस होणारा, दूत होणारा, दुसरी राणी होणारा, यांचे पुढे काय झाले हे विचारायला कोणी जाईना. मी जाऊ लागलो. ठाण्या-कल्याणास जी मंडळी उतरे तिच्या बिऱ्हाडी जाऊन म्हाताऱ्या आचाऱ्यांना, पेटी वाहणाऱ्यांना विचारले. गावोगाव पत्रे टाकली. एकशे त्रेचाळीस नट सापडले. एक आंबिवलीस दोर वळताना सापडला. त्याने बारा वर्षे देवाचे सोंग घेतले होते आणि त्याच्या सुनेला ते ठाऊक नव्हते. वह्यांची सुवाच्य नक्कल शकूने केली. मी तिला वाचायला शिकवले तेव्हा आळीतल्या ज्या सभ्य गृहस्थांनी नाके मुरडली, त्यांनी माझ्या तेराव्याला जेवायला येऊ नये.

कलम ४. दौलतविषयी. गेल्या वर्षी महिपतरावांनी आपल्या मंडळीचा इतिहास छापला. दौलतने मला न विचारता माझ्या वह्या त्यांना नेऊन दिल्या, त्या पुस्तक छापून झाल्यावर परत आल्या. एकशे त्रेचाळीसांपैकी अकरा नावे छापली, तीही मालकाच्या सोयऱ्याधायऱ्यांची. आणि ज्या राणीच्या भूमिकेने ती मंडळी उभी राहिली, ती महिपतरावांच्या धाकट्या भावाने केली असे लिहिले. तो भाऊ त्या काळी पडद्याची दोरी धरीत असे आणि तीही नीट धरीत नसे.

पुस्तकाचा समारंभ ठाण्यात झाला. मला पहिल्या रांगेत बसवले. अत्तर, गुलाबपाणी, हार. मी उठून विचारले, "महिपतराव, यात गणूचे नाव कुठे आहे?"

"कोण गणू?" ते म्हणाले. मग हसले. "तो मिठागरातला? अहो कर्णिक, लोक राणी बघायला येत होते, मीठवाला बघायला नव्हे."

सारी सभा हसली. दौलतही हसला. मी खाली बसलो, आणि पानसुपारी पुढे आली ती घेतली. ती चव अजून जिभेवरून जात नाही. महिपतरावांकडचा हार माझ्या प्रेतावर पडू नये. पडल्यास शकूने तो उचलून गटारात टाकावा, लोकांदेखत.

कलम ५. गणू हा कोपर गावचा, मिठागरावर राबणाऱ्या घरातला. खाऱ्या पाण्याने त्याच्या टाचा फुटलेल्या असत. त्यांत मेण भरून वर अळता लावावा लागे. राणीला घराबाहेर काढतात त्या प्रवेशात इतर नट छाती पिटून रडत. गणू रडत नसे. तो दाराची कडी लावी, पुन्हा काढून बघे, आणि नीट लागली म्हणून मान हलवी, जणू संध्याकाळी परत यायचे आहे. मी चौकटीआड शब्द सुचवायला उभा असे आणि मला पोथीतले अक्षर दिसेनासे होई.

त्याचे नाव जाहिरातीत घालू नये असा मालकांचा हुकूम होता. जातीचे कळले तर वरची मंडळी तिकिटे घेणार नाहीत म्हणून. "मंडळीतील एक कुशल नट" असे मी लिहीत असे. बोरूने, वळणदार अक्षरात, पाच वर्षे. मला कोणी मारून लिहायला लावले नव्हते.

सन १८६२ च्या उन्हाळ्यात कल्याणच्या धर्मशाळेत गणूला ताप भरला. मुरबाडला खेळ ठरलेला होता. मालक म्हणाले, "दोन दिवसांत येईल मागून." त्याने माझा हात धरला आणि म्हणाला, "भास्करराव, तुमी तरी थांबा." मी त्याच्या अंगावर माझी घोंगडी टाकली आणि गाडीत जाऊन बसलो. मुरबाडला त्याचे लुगडे दुसऱ्याने नेसले. गणू काम सोडून गेला असे मालकांनी सांगितले, आणि मीही तसेच सांगत राहिलो.

कलम ६. सतरा वर्षांनी वह्यांसाठी हिंडता हिंडता मी कोपरला गेलो. गणूची बहीण बायजा हिने ओटीवर बसवून पाणी दिले. तिने सांगितले ते असे.

"कल्यानशी चालत आला. दोन दिस लागले. मंग आठ वरीस जगला, मिठावर काम केला. नाटकवाले आले का कल्यानला जायचा. येकदा त्याचाच खेल बघून आला. मी बोलली, कसा झाला? तं बोलला, राणी लय रडते."

नंतर खाराच्या बांधावर त्याला साप चावला.

मी सारे लिहून घेतले. उठताना तिने विचारले, "त्याला टाकून गेली ती गाडी. तिच्यान तुमी होतात का?"

मी म्हणालो, "नाही. मी आधीच मंडळी सोडली होती."

या वह्या खऱ्या म्हणून मी लोकांवर दात खातो, आणि पाचव्या वहीत त्या दिवशीची माझी नोंद खोटी आहे. महिपतरावांची मला शिसारी येते. स्वतःची तितकीच येते. माझ्या मृत्यूनंतर शकूने कोपरला जाऊन हे कलम बायजाला वाचून दाखवावे.

पुरवणी, दुसऱ्या दिवशी. वरील कलम लिहून झाल्यावर मला झोप आली नाही. मेल्यावर मुलीच्या तोंडून कबुली देणे ही पुन्हा गाडीत बसण्याचीच रीत झाली. म्हणून आज सकाळी शकूला घेऊन डोंबिवलीस उतरलो आणि दम लागत असता बांधाबांधाने कोपरला गेलो. बायजा सुकट निवडत होती. मी उभ्यानेच सांगितले.

तिने मान वर केली नाही. "मना ठाव होता," ती म्हणाली. "गाडीन कोन कोन बसला ता त्यानी सांगितला होता. तुमचा नाव पयला."

"मग त्या दिवशी मला विचारलेस का?"

"तुमी काय सांगता ता बगाचा होता."

मग तिने शकूला बसायला पाट दिला. मला दिला नाही.

सबब कलम ६ मधील वाचून दाखवण्याची सूचना रद्द समजावी. पाचव्या वहीतील नोंद मी स्वहस्ते दुरुस्त केली आहे. गणूच्या नावापुढे काही देणगी लिहावी असे मनात होते, ती घेण्यास बायजाने साफ नकार दिला. मात्र हा कागद खरा आहे असा अंगठा देते म्हणाली आणि मुलाला घेऊन आमच्याबरोबर ठाण्यास आली. तिला यात काहीही दिलेले नाही, त्यामुळे तिच्या साक्षीला कायद्याची हरकत नाही.

सर्व मजकूर वाचून, समजून, साक्षीदारांसमक्ष सही केली.

भास्कर रघुनाथ कर्णिक, दस्तुर खुद्द

साक्ष:
१. बायजा, गणूची बहीण, राहणार कोपर, निशाणी डाव्या हाताचा अंगठा
२. काळुराम, बायजाचा मुलगा, राहणार कोपर, निशाणी डाव्या हाताचा अंगठा

मुक्काम ठाणे, तारीख १९ नोव्हेंबर सन १८९४, कार्तिक वद्य, शके १८१६